आधी हवा मोज

मान वर कर आणि नीट ऐक. त्या ट्रकचा मालक माझ्याकडे येऊन गेला. गॅरेजात येऊन चारचौघांत तुझी गचांडी धरायच्या ऐवजी तो तुझ्या मास्तरांकडे आला, हा त्याचा चांगुलपणा. वाशीला कांदा उतरवायचा, येताना कळंबोलीहून लोखंड भरायचं आणि कसारा घाट चढून नाशिकला यायचं, हा त्याचा धंदा. गाडीची ओढ जरा कमी झाली म्हणून त्यानं ती तुझ्या दारात आणून लावली. तू तिचा टर्बो काढून मोठा बसवलास. जो घाट ती तिसऱ्या गिअरवर चढायची, तोच आता दुसऱ्यावर रडतखडत चढते. मागच्याला रस्ता दिसत नाही इतका काळा धूर. डिझेलचा हिशेब पार कोलमडलाय. आणि तू त्याला काय सांगितलंस? "थोडे दिवस चालवा, टर्बो सेट होईल." हे बोलताना तुझी जीभ अडखळली नाही? टर्बो चालवून सेट होत नसतो. तो बसवायच्या आधी इंजिनाशी जुळवावा लागतो, आणि ते काम मालकाचं नव्हतं, तुझं होतं.

मी तुला फोनवर तीन गोष्टी विचारल्या. जुन्या टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, किती येत होता? घाटात गाडी किती आरपीएमवर चालते? या इंजिनाला मिनिटाला किती हवा लागते? तिन्हीला तुझं एकच उत्तर : "सर, मोठा टर्बो म्हणजे जास्त हवा." हे उत्तर पानटपरीवर उभा असलेला माणूस देईल. वर्गात बसून, डिझेल मेकॅनिकचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून तू हे द्यावंस याचा मला मनस्वी संताप आलाय.

कागद घे. फळ्यावर शंभरदा केलेला हिशेब आहे, आता तुझ्या हातानं कर. इंजिन कमिन्सचं सिक्स बीटी. बोअर १०२ मिलिमीटर, स्ट्रोक १२०, सिलिंडर सहा. म्हणजे ५.८८ लिटर. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा श्वास घेतं; म्हणून २५०० आरपीएमला मिनिटाला १२५० वेळा. गुणाकार केलास की ७,३५० लिटर येतात. सिलिंडर पूर्ण भरत नाही, नव्वद टक्के धर, म्हणजे ६,६०० लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घनमीटरभर हवेचं वजन साधारण १.१ किलो असतं. टर्बो नसेल तर हे इंजिन मिनिटाला सव्वासात किलो हवा ओढेल. एक बार बूस्ट दे, ती हवा इंटरकूलरमधून पन्नास-पंचावन्न अंशांपर्यंत थंड कर, की तीच चौदा किलोच्या आसपास जाते. हा झाला वरचा आकडा.

आता खालचा काढ, कारण गाडीचं पोट त्याच्यावर चालतं. घाटात लोखंड भरलेली गाडी २५०० वर पळत नाही. ती १४०० ते १६०० च्या मध्ये झुंजते. १४०० ला त्याच रीतीनं ३,७०० लिटर येतात. बूस्ट नसेल तर चार किलो शंभर ग्रॅम हवा, एक बार बूस्ट असेल तर पावणेआठ किलो. पाय पूर्ण दाबलेला असताना या ठिकाणी हे इंजिन मिनिटाला साधारण तीनशे ग्रॅम डिझेल जाळतं. एक किलो डिझेल पुरतं जळायला साडेचौदा किलो हवा लागते, म्हणजे तीनशे ग्रॅमला चार किलो साडेतीनशे ग्रॅम. बूस्टशिवाय तेवढीसुद्धा मिळत नाही. शिवाय डिझेल इंजिनात हवा आणि इंधन एकसारखं मिसळायला वेळच नसतो, म्हणून अठरा-वीस पटीच्या खाली आलास की धूर सुरू होतो. एक बार बूस्टला हे प्रमाण सव्वीस पटीवर असतं. अशा इंजिनाच्या सायलेन्सरमधून धूर येत नाही.

काल मी त्या गाडीच्या इनटेक मॅनिफोल्डला टी जोडून गेज लावलं. तू बसवलेल्या टर्बोवर १४०० ला बूस्ट किती आला माहीत आहे? ०.३ बार. हवा पाच किलोच्या आसपास. त्यावर तू पंपही वाढवून ठेवलेलास! पंपावरचा डायाफ्राम कशासाठी असतो, हे मी तुला पंप उघडून दाखवलं होतं. बूस्ट आल्याशिवाय इंधन वाढू नये म्हणून तो तिथे बसवलेला असतो. तू त्याची स्प्रिंग सैल केलीस, म्हणजे बूस्टची वाट न पाहताच डिझेल पडायला लागलं. तीनशेचं साडेतीनशे ग्रॅम झालं असेल, तर प्रमाण साडेचौदावर येऊन ठेपलं. मालकानं टाकीत ओतलेलं डिझेल काजळी होऊन कसाऱ्याच्या हवेत गेलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

बूस्ट का येत नाही, तेही समजून घे. तू ५४ मिलिमीटर मुखाचं कॉम्प्रेसरचं चाक काढून ६६ चं बसवलंस. तुला वाटलं बाराच मिलिमीटरचा फरक. चाक सगळ्या बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढलं, तर त्याला फिरवायला लागणारं जडत्व व्यासाच्या पाचव्या घातानं वाढतं. ६६ भागिले ५४, त्याचा पाचवा घात : पावणेतीन पट. १४०० आरपीएमला एक्झॉस्टमध्ये जेवढा जोर असतो तेवढ्यावर पावणेतीन पट जडत्वाचा रोटर मिनिटाला लाखाच्या घरात फिरवायचा आहे. तो फिरेपर्यंत आरपीएम पडतात, ड्रायव्हर गिअर खाली टाकतो, आणि टर्बो पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. त्या मापाचं चाक मिनिटाला तीस किलोच्या वर हवा वाहायला घडवलेलं असतं. तुझं इंजिन सर्वांत वरच्या आरपीएमलासुद्धा चौदाच मागतं. उरलेली क्षमता कुणासाठी विकत घेतलीस?

कॉम्प्रेसर मॅप वाचायला मी तुम्हाला शिकवलं होतं. आडव्या रेषेवर हवा, उभ्या रेषेवर दाबाचं गुणोत्तर, मध्ये कार्यक्षमतेची वर्तुळं. डावीकडे सर्जची रेषा, उजवीकडे चोकची. आपल्या इंजिनाचे दोन बिंदू त्यावर मांडायचे : आठ किलोला दोन, चौदा किलोला दोन. दोन्ही बिंदू मधल्या वर्तुळांत पडले तर तो कॉम्प्रेसर आपला. एवढंच काम होतं, पंधरा मिनिटांचं. तू मांडले असतेस तर दिसलं असतं की मोठ्या चाकाच्या नकाशावर तुझा आठ किलोचा बिंदू सर्जच्या रेषेच्याही डावीकडे जातो. ड्रायव्हर सांगतो, घाटात पाय काढून गिअर बदलताना बॉनेटखाली 'फर्रर्र' असा आवाज येतो. तू त्याला म्हणालास, मोठ्या टर्बोचा आवाज असाच असतो. दाबलेली हवा चाकातून उलटी येते, पुन्हा पुढे जाते, पुन्हा उलटी येते, तेव्हा तो आवाज येतो. त्याला सर्ज म्हणतात. प्रत्येक वेळी थ्रस्ट बेअरिंगवर धक्का बसतो. तो आवाज ड्रायव्हरनं ऐकला, तुला सांगितला, आणि तू त्याची समजूत घालून त्याला लोखंडासकट घाटात परत पाठवलंस.

वर्तुळांचं महत्त्व पुन्हा सांगतो, कारण गेज पाहून फसणारा तू एकटा नाहीस. पस्तीस अंशांची हवा दुप्पट दाबली, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७२ टक्के असली, तर हवा १३० अंशांच्या आसपास बाहेर पडते. तीच कार्यक्षमता ५५ वर आली तर १६० च्या जवळ. गेजवर दोन्हीकडे एकच बार दिसतो. पण दुसऱ्या हवेत प्राणवायू सात टक्क्यांनी कमी असतो, आणि इंटरकूलरला जास्तीची उष्णता काढावी लागते ती वेगळीच. जळणाला वजन लागतं. दाब हा त्या वजनाकडे जायचा रस्ता आहे, एवढं डोक्यात पक्कं कर.

आणि तो अ‍ॅडॅप्टर! तो पाहून मला बसवेना. मूळ टर्बाइन हाउसिंगच्या तोंडाशी मधोमध भिंत होती, दोन वेगळ्या वाटा होत्या. तुझ्या नव्या हाउसिंगला एकच तोंड. बोल्ट जुळेनात म्हणून तू प्लेट कापली, मध्ये एकच मोठं भोक पाडलंस आणि वेल्डिंग मारलंस. वेल्डिंग सुबक आहे, मान्य करतो. पण ती भिंत तिथे का होती, हा प्रश्न कटर चालवताना पडला नाही? फायरिंग ऑर्डर म्हण : एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. पुढचे तीन सिलिंडर एका वाटेत, मागचे तीन दुसऱ्या. दोन्हींचे धक्के आलटून पालटून येतात आणि एका वाटेतल्या दोन धक्क्यांमध्ये क्रँकचं २४० अंशांचं अंतर राहतं. कोणाचा धक्का कोणाच्या उघड्या व्हॉल्व्हवर आदळत नाही, आणि प्रत्येक धक्का ताजाताजा चाकावर जातो. कमी आरपीएमला, जेव्हा एक्झॉस्टची एकूण मात्रा थोडी असते, तेव्हा याच धक्क्यांच्या जिवावर चाक फिरतं. टर्बोचा जनक अल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरनं पहिलं पेटंट घेतलं १९०५ साली. एक्झॉस्टचे हे धक्के वेगवेगळ्या नळ्यांतून चाकापर्यंत नीट पोचवायची युक्ती त्याला जमायला १९२५ उजाडलं. माणसानं वीस वर्षं घातली त्या गोष्टीवर. तू ती एका दुपारी कापून टाकलीस.

मूळ टर्बो तू बाद कशावरून ठरवलास, तेही मी विचारून घेतलं. शाफ्ट बोटानं हलवला, आडवा हलला, म्हणून 'प्ले आलाय'. अरे, टर्बोचे बुश ऑइलच्या थरावर तरंगतात. इंजिन बंद असताना, ऑइल उतरलेलं असताना शाफ्ट आडवा थोडा हलणारच. पाहायचं असतं ते पुढे-मागे. डायल गेज लावायचं, शाफ्ट ओढायचा आणि ढकलायचा. चांगल्या टर्बोत ही हालचाल मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत असते. आडवा दाबून धरल्यावर चाक हाउसिंगला घासतं का, पात्यांच्या कडा झिजल्यात का, टोकं वाकलीत का, हे टॉर्च लावून पाहायचं. मालकानं तो जुना टर्बो भंगारात दिला नाही, गाडीतच ठेवला होता, मी पाहिला. पाती शाबूत, कडा धारदार, हाउसिंगला ओरखडा नाही. चांगला टर्बो तू काढून टाकलास.

मग ओढ का कमी झाली होती? मी टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या होजवरून हात फिरवला. खालच्या अंगाला, क्लिपच्या अगदी कडेला, बोटभर लांबीची चीर. भोवती ऑइलचा काळा ओलसर डाग, त्यावर धूळ चिकटलेली. उभ्या गाडीत ती चीर मिटलेली असते. बूस्ट आला की उघडते. हा होज तू तुझ्या हातानं काढलास आणि तुझ्याच हातानं नव्या टर्बोला परत जोडलास. तो काळा डाग तुझ्या बोटांना लागला असणार. तू कापडानं पुसलास आणि पुढे गेलास. इंटरकूलरच्या दोन्ही तोंडांना बूच लावून थोडी हवा भरायची, साबणाचं पाणी फिरवायचं, बुडबुडे पाहायचे. सायकलच्या दुकानातला पोरगा पंक्चर काढताना हेच करतो. मालकाचं काम एका होजमध्ये आणि एका क्लिपमध्ये भागत होतं, आणि तू त्याच्या गळ्यात टर्बो, अ‍ॅडॅप्टर, पाइप आणि पंपाची मजुरी मारलीस. तू लबाड नाहीस, हे मी जाणतो. तू तपासायच्या आधी ठरवून मोकळा झालास, आणि गिऱ्हाइकाच्या खिशाला त्यानं पडायचा तो फरक पडलाच.

आता माझं बोलणं ऐकून दुसऱ्या टोकाला धावू नकोस. उद्या तू लहानातला लहान टर्बो घेऊन येशील आणि म्हणशील, सर, हा लवकर फिरतो. फिरतो, पण वरच्या आरपीएमला त्याचं टर्बाइन एक्झॉस्टची वाट अडवतं. टर्बाइनच्या आधीचा दाब बूस्टच्या फार वर गेला की इंजिन स्वतःचाच धूर बाहेर ढकलण्यात ताकद घालवतं, आणि सिलिंडरमध्ये जुना गॅस उरतो. म्हणून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही दाब मोजायचा, बूस्टशेजारी लिहून ठेवायचा. जादा एक्झॉस्ट वळवणारं वेस्टगेट आहे म्हणून हाउसिंग कितीही बारीक चालेल, असंही समजू नकोस. त्याची वाट मर्यादित असते.

उंचीचंही असंच. नाशिक-इगतपुरीला सहाशे मीटरला फारसं बिघडत नाही. पण तुझ्याकडे उद्या लेहला माल नेणारी गाडी आली तर? तिथे साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. गेजवर तोच एक बार आणायचा तर दाबाचं गुणोत्तर दोनवरून अडीचवर जातं. लहान चाक ते गाठायला मर्यादेपलीकडे पळतं आणि फुटतं. खाली सपाटीवर जुळवलेला टर्बो वर चालेलच, असं छातीठोक सांगायचं नाही. गाडी कुठे चालणार, काय भरणार, कुठल्या गिअरवर किती वेळ राहणार, हे आधी ड्रायव्हरला विचारायचं. तू ड्रायव्हरशी चहा पिऊन गप्पा मारल्यास, पण हा एक प्रश्न विचारला नाहीस.

काळ्या धुराचा अर्थ फक्त वाया गेलेलं डिझेल एवढाच नसतो. हवा कमी आणि इंधन जास्त, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान चढतं. टर्बाइनच्या आधी सातशे अंशांच्या वर सलग दहा-पंधरा मिनिटं घाट चढत राहिलास, तर पिस्टनचा माथा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, टर्बाइनचं चाक, सगळ्यांचं आयुष्य झपाट्यानं कमी होतं. ड्रायव्हरला ते दिसत नाही, पाण्याचा काटाही लगेच सांगत नाही. ज्या दिवशी पिस्टन जाईल, त्या दिवशी गाडी घाटाच्या मधोमध उभी राहील, मागे रांग, आत लोखंड. उतारावर उभ्या असलेल्या भरल्या गाडीच्या चाकामागे दगड लावायला कोण उतरतं? क्लीनर. एकोणीस-वीस वर्षांचं पोर असतं ते.

कायद्याचंही सांगतो. कंपनीनं दिलेल्या रचनेत नोंदीबाहेरचा बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नं मनाई आहे. मालकाला तू हे सांगितलं नाहीस. फिटनेसला गाडी अडली तर भुर्दंड त्याला, तुला नाही.

तुझा हात चांगला आहे, म्हणून इतकं बोलतोय. तुझ्या बॅचमध्ये टॅपेट सेटिंग कानानं ओळखणारा तू एकच होतास. पण हातातल्या कसबावर विसंबून तू मोजायचं सोडलंस. बाजारात कुणीतरी म्हणालं, फलाण्या गाडीला मोठा टर्बो लावला आणि ती सुटली. तू सुतावरून स्वर्ग गाठलास. ती गाडी रिकामी हायवेवर पळत असेल. तुझी गाडी घाटात लोखंड ओढते. दोघींची हवा वेगळी.

आता काय करायचं ते लिहून घे. नवा टर्बो आणि ती प्लेट उद्या सकाळी उतरव. मूळ टर्बो साफ कर, पुढे-मागे प्ले डायल गेजवर मोजून आकडा वहीत लिही. बसवताना ऑइलच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतून शाफ्ट हातानं फिरव, कोरडा चालू करू नकोस. रिटर्न पाइप तू नव्या टर्बोसाठी वाकवलायस, तो बदल. टर्बोतून फेसाळलेलं ऑइल स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, वाटेत बाक आला तर ते सीलमधून बाहेर पडतं आणि मग तू सीलला दोष देशील. होज नवा, क्लिपा नव्या, इंटरकूलरची साबणाची चाचणी माझ्यासमोर. पंप काढून कॅलिब्रेशनच्या बेंचवर ने, डायाफ्रामची स्प्रिंग मूळ मापावर आण, अंदाजानं स्क्रू फिरवायचा नाही. मग गेज लावून ड्रायव्हरसोबत कसारा चढ, आणि १४००, १६००, २००० ला बूस्ट, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा दाब आणि एक्झॉस्टचं तापमान लिहून आण. नव्या टर्बोचे पैसे दुकानदार परत घेतो की नाही, हा तुझा आणि त्याचा मामला. मालकाच्या बिलातून ती रक्कम आणि तिची मजुरी वजा झालेली मला दिसली पाहिजे.

तो वहीतला कागद घेऊन शनिवारी वर्गात ये. पोरांसमोर दोन्ही टर्बोंच्या मॅपवर इंजिनाचे बिंदू मांडायचे आहेत, आणि मांडणार तू आहेस. तोवर त्या गाडीत लोखंड भरू नका, असं मी मालकाला सांगून ठेवलंय.